केअर होममधला दर आठवड्याचा उपक्रम आणि बोटांचे ठसे

प्रेषक: उपक्रम समिती

नमस्कार मंडळी,

महिन्यातून एकदा आपला गट केअर होममध्ये जाऊन भजनं आणि जुनी नाट्यपदं म्हणतो, हे सर्वांना ठाऊक आहेच. तिथल्या दोन आजींना हल्ली इंग्रजी सुचेनासं झालंय, त्या फक्त मराठीत बोलतात. म्हणून होमने विचारलंय की आपल्यापैकी काहीजण दर आठवड्याला येऊन त्यांच्या खोलीत बसतील का, काही वाचून दाखवतील का. मात्र येणाऱ्या प्रत्येकाने आधी लाइव्ह स्कॅन करायचं, म्हणजे बोटांचे ठसे देऊन गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासून घ्यायची. हे ऐकून नावं दिलेल्यांपैकी काहीजण मागे सरलेत. आजवर लागलं नाही ते आताच का, हे कुणाला माहीत असल्यास कृपया लिहावं.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

मी नाव मागे घेतलंय, कारण उघडच सांगतो. उभा जन्म सरळ मार्गाने काढला. नागरिकत्व घेताना ठसे दिले, पोलिसांशी कधी संबंध आला नाही. आता फुकट सेवा करायला जायचं तर पुन्हा आपण चोर नाही हे सिद्ध करायचं? मनाला लागतं हो.

प्रेषक: केअर होममध्ये काम करणारी एक सभासद

काका, नमस्कार. तुम्हाला का लागलं ते समजतं. मी इथेच कॅलिफोर्नियात एका सहा बेडच्या होमची ॲडमिनिस्ट्रेटर आहे, त्यामुळे हे सगळं माझं रोजचंच. जरा सविस्तर लिहिते.

सेवाभावी मंडळांच्या सामूहिक कार्यक्रमांना कायद्यातच सवलत आहे. आपल्यातल्या कुणी रहिवाशाबरोबर एकटं थांबायचं नाही, कुणाला गाडीतून बाहेर न्यायचं नाही आणि एकाच गटाने महिन्यातून एकापेक्षा जास्त वेळा यायचं नाही. भजनाचा कार्यक्रम यात बसत होता. दर आठवड्याला खोलीत जाऊन बसायचं म्हटलं की सवलत संपली, मग स्टाफला जो नियम तोच आपल्याला. क्लिअरन्स, म्हणजे या तपासणीतून मिळणारी मंजुरी, नसलेला माणूस आत सापडला तर होमला दिवसाला 100 डॉलर दंड बसतो, पहिल्या खेपेस 5 दिवसांपर्यंत. तेव्हा होमवाल्यांनी तुमच्यावर संशय घेतला असं कृपा करून मनात आणू नका.

महिन्याचीच मर्यादा का, याचा मला लागलेला अर्थ सांगते. हॉलमध्ये तासभर गाऊन निघणारा पाहुणा असतो. दर आठवड्याला येणारा घरचा होतो. आजी त्याला कपाटातली पर्स काढायला सांगतात, बँकेचं पत्र वाचून घेतात, 'इथे सही करू का रे?' असं विचारतात. त्यात आपली गोष्ट आणखी वेगळी. इतर व्हॉलंटियर काय बोलतात ते येता-जाता स्टाफच्या कानावर पडतं. आपण आजींशी काय बोललो ते तिथे कुणालाच कळणार नाही. उद्या त्यांना आपल्यापैकीच कुणाची तक्रार करायची झाली तर ती त्या मराठीत करणार, आणि ती समजणारं माणूस म्हणून पुन्हा आपल्यालाच बोलावणार. एवढा मोकळा वावर ज्याला मिळणार त्याची तपासणी इतरांपेक्षा काकणभर जास्तच व्हावी, असं मला मनापासून वाटतं.

नागरिकत्वाच्या वेळचे ठसे चालत नाहीत, कारण लाइव्ह स्कॅनचा निकाल ज्या खात्याने मागवला त्यालाच जातो. मुलांबरोबर काम करणाऱ्यांच्या तपासणीसाठी 1 जानेवारी 2022 पासून लागू झालेल्या एबी 506 कायद्यासाठी आपल्या मराठी शाळेतल्या कुणी ठसे दिले असतील, तर तेही इथे उपयोगाचे नाहीत. होमचं काम राज्याच्या सोशल सर्व्हिसेस खात्याचा कम्युनिटी केअर लायसन्सिंग विभाग बघतो. त्याच्यासाठी ठसे राज्याचं डिपार्टमेंट ऑफ जस्टिस आणि एफबीआय या दोन्हीकडे तपासले जातात. पुढे दुसऱ्या होममध्ये जायचं झालं तर क्लिअरन्स ट्रान्सफर करून घेता येतो. शिवाय नंतर कधी राज्यात अटक झाली तर विभागाला कळवलं जातं. पैसे भरून इंटरनेटवर नाव शोधण्यात हा फायदा नाही.

प्रत्यक्ष ठसे देणं सोपं आहे, फक्त वय झालेल्यांना थोडा त्रास होतो. आमच्याकडे स्वयंपाक करणाऱ्या एका बाईंच्या बोटांवरच्या रेषा भांडी घासून घासून पार झिजल्या होत्या. ऑपरेटरने एकेक बोट काचेवर पुन्हा पुन्हा फिरवलं, तरी ठसे परत आले. बाई रडकुंडीला आल्या, त्यांना वाटलं आपल्यावर काहीतरी आळ आलाय. तसं काही नसतं. दोनदा ठसे नाकारले गेले की नावावरून तपासणी करतात.

काहींनी मला खासगीत जुन्या प्रकरणांबद्दल विचारलंय. किरकोळ ट्रॅफिक तिकिटाने काही अडत नाही. त्यापलीकडे शिक्षा झालेली असेल तर विभागाकडे एक्झेम्प्शन, म्हणजे खास सूट, मागावं लागतं. गुन्हा कसला, किती जुना, त्यानंतर माणूस कसा वागला, हे बघून निर्णय होतो. खून किंवा बलात्कारासारख्या गुन्ह्यांना एक्झेम्प्शन नाही. मंडळाकडे यातला कुठलाही कागद येत नाही.

एवढं करूनही ठशांवर सगळं सोडून चालणार नाही. भारतातली शिक्षा त्यात दिसत नाही. जे कधी पोलिसांपर्यंत गेलंच नाही तेही दिसत नाही, आणि म्हाताऱ्या माणसांच्या फसवणुकीचं बहुतेक वेळा असंच होतं. म्हणून माझा आग्रह आहे की क्लिअरन्स मिळाल्यावरही जोडीनेच जावं, खोलीचं दार उघडं ठेवावं, आणि पैसे, दागिने, सह्या यांच्या वाटेला कुणी जाऊ नये. काही खटकलं तर प्रत्येक होममध्ये ओम्बड्समनचा, म्हणजे रहिवाशांच्या तक्रारी ऐकून घेणाऱ्याचा, नंबर भिंतीवर लावलेला असतो, तिथे फोन करावा.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

तक्रारसुद्धा मराठीतच होणार, हा विचार मी केला नव्हता. माझं नाव परत घाला, ठसे देतो. आता आमच्या घरचं विचारतो. हिची देखभाल करायला ओळखीतून एक बाई येतात. त्यांची तपासणी कुणी केली असेल?

प्रेषक: केअर होममध्ये काम करणारी एक सभासद

काका, बहुधा कुणीच नाही. 1 जानेवारी 2016 पासून एजन्सीमार्फत येणाऱ्या होम केअर एडला, म्हणजे घरी येऊन देखभाल करणाऱ्या मदतनीसाला, राज्याच्या रजिस्ट्रीत नोंदणी सक्तीची आहे आणि त्यासाठी हीच ठशांची तपासणी होते. परस्पर ठेवलेल्या बाईंना मात्र ती ऐच्छिक आहे. नोंदणी असेल तर त्यांच्याकडून नंबर घ्या, रजिस्ट्रीच्या साइटवर बघता येतं. नसेल तर त्या स्वतः अर्ज करू शकतात. त्यांच्याशी नीट बोला, तुमच्या मनाला लागलं तसंच त्यांनाही ते लागेल. आणि अर्जाची, ठशांची फी तुम्ही भरा, त्यांच्या पगारातून कापू नका.