मदत हवी आहे: अरोवाना मासा पेलेटला (तयार दाणेदार खाद्याला) तोंडच लावत नाही

नाशिकला असतो. सिल्व्हर अरोवाना आहे, साधारण सात इंची, चार फुटी टाकीत एकटाच (मोठी टाकी बनवायला दिली आहे). थंडीमुळे हीटर २८ अंशांवर. पाणी नियमित बदलतो, अमोनिया शून्य.

आणल्यापासून जिवंत मासेच खातो. गोल्डफिशमध्ये थायमिनेज (जीवनसत्त्व बी१ नष्ट करणारं एन्झाइम) असतं, शिवाय रोगाची भीती, म्हणून ते बंदच करायचे आहेत. सोललेली कोळंबी चिमट्याने हलवली तर झडप घालतो. तरंगणारे पेलेट कोळंबीच्या पाण्यात भिजवून दिले, कोळंबीत खुपसूनही दिले. कोळंबी गिळतो, पेलेट तेवढे नेमके थुंकतो! उपाशी ठेवायला मन धजत नाही, वाढीचं वय आहे.

एवढ्या अरोवानाला सलग किती दिवस उपाशी ठेवणं सुरक्षित? आणि मधे कोळंबी दिली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते का?