'निनावी', 'अनामिक' की आणखी काही?

प्रश्न : संदेशसेवेचे नोंदणीकृत वापरकर्ते 50 लाखांहून अधिक असल्यास, आदेश आल्यावर संदेशाचा पहिला प्रेषक ओळखून द्यावा, या केंद्र सरकारच्या 2021च्या माहिती तंत्रज्ञान नियमांतील तरतुदीविरुद्ध आम्ही खासदारांसाठी निवेदन लिहीत आहोत. मसुद्यातील 'निनावी राहण्याचा हक्क' या शब्दांवर एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी लाल रेघ मारली. दुसरा शब्द कोणता?

उत्तर : रेघ योग्यच आहे. 'निनावी'मागे मराठीत पत्र, तक्रार आणि धमकीचा फोन हेच येतात, त्यामुळे विरोधकांचे निम्मे काम आपणच करून देतो. 'अनामिक' हुरहुरीला शोभते, निवेदनाला नाही.

उत्तर : 'टोपणनाव' घ्यावे. गोपाळ हरी देशमुखांनी सरकारी नोकरीत असताना 1848पासून 'प्रभाकर' या साप्ताहिकात 'लोकहितवादी' या नावाने पत्रे लिहिली. ही परंपरा कोणत्याही पक्षाच्या खासदाराला परकी वाटणार नाही.

उत्तर : टोपणनावाने लेखकाची सोय होते, परंतु वरिष्ठांचा भ्रष्टाचार एकदाच उघड करणाऱ्या कारकुनाची होत नाही. पोलिसांच्या आवाहनांत 'माहिती देणाऱ्याचे नाव गुप्त ठेवले जाईल' असे असते. सरकारचाच हा वाक्प्रयोग सरकारपुढे ठेवावा.

उत्तर : इथे मात्र घाई नको. 'गुप्त ठेवणे' म्हणजे नाव कोणाला तरी ठाऊक आहे आणि तो ते सांगत नाही. 'न सांगणे' म्हणजे ते कोणाकडे गेलेलेच नाही. दक्षिण कोरियाने 2007मध्ये मोठ्या संकेतस्थळांवर लिहिणाऱ्यांची ओळख तपासणे सक्तीचे केले. 2011मध्ये तिथल्या एका मोठ्या कंपनीकडून सुमारे साडेतीन कोटी वापरकर्त्यांची माहिती चोरीला गेली आणि 2012मध्ये घटनात्मक न्यायालयाने तो कायदा एकमताने रद्द केला. 'पडताळणी' हा सरकारी शब्दही म्हणूनच जसाच्या तसा उचलू नये (कानाला तो फारच स्वच्छ लागतो); 'ओळखीच्या कागदपत्रांचा साठा' असे लिहिले की तो कोणाकडे राहणार, हे वाचणाराच विचारतो.

प्रश्नकर्ता : आभारी आहे. शीर्षकात 'नाव न सांगण्याची मुभा' घेतले आहे. 'हक्क' मजकुरात ठेवला असून त्याला सर्वोच्च न्यायालयाच्या 2017च्या खासगीपणाविषयीच्या नऊ न्यायाधीशांच्या निकालाचा आधार जोडला आहे. 'मुभा' कोणीतरी दिलेली असते, हा आक्षेप सहकाऱ्यांकडून येणारच. तेव्हा शीर्षकातही 'हक्क'च घ्यावा का?

उत्तर : घ्यावा. 'मुभा' काढून घेता येते.