'वाचा गेली' की 'खुळावली'?

प्रश्न (वेंगुर्ला): शेजारच्या आजींना शिमग्याच्या सुमारास मेंदूचा झटका आला. हातापायांत बळ आहे, पण बोलणं विचित्र झालंय. भरभर बोलतात, सूरही नेहमीचाच, अर्थ मात्र लागत नाही. जेवायला बोलावलं तर भलतंच उत्तर देतात. वाडीत कोण म्हणतं वाचा गेली, कोण म्हणतं खुळावली. डॉक्टरांच्या कागदावर 'टेम्पोरल लोब' आणि 'अफेझिया' आहे. मराठीत काय म्हणावं?

उत्तर: अफेझिया म्हणजे वाचाघात. टेम्पोरल लोब म्हणजे शंखखंड, कानशिलामागचा मेंदूचा भाग. लोबला काही जण 'पाली' म्हणतात, पण 'खंड' ऐकताच कळतो, तोच वापरावा.

'खुळावली' हा शब्द मात्र आजींसाठी वापरू नका, ही कळकळीची विनंती. त्यांची बुद्धी फिरलेली नाही. बहुतेक माणसांची भाषा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात असते. तिथल्या शंखखंडाच्या वरच्या, मागच्या भागाला इजा झाली की ऐकलेल्या शब्दांचा अर्थ लागत नाही आणि स्वतःचे शब्दही भलतेच निघतात. जर्मन डॉक्टर कार्ल वेर्निके यांनी 1874 मध्ये हे मांडलं. आपलं बोलणं चुकतंय हे अशा माणसाला बऱ्याचदा कळतही नाही, म्हणून समोरचा गोंधळला की तो चिडतो. मोठ्याने ओरडून उपयोग नाही, कान ठीक असतात. ताट दाखवा, हाताने खूण करा, वाक्य दोन-तीन शब्दांचं ठेवा.

'वाचा गेली' हे वाचाघाताच्या दुसऱ्या प्रकाराला शोभतं. फ्रेंच डॉक्टर पॉल ब्रोका यांच्याकडे 1861 मध्ये पॅरिसला असा रुग्ण होता, ज्याच्या तोंडून जवळपास 'टॅन' एवढंच निघे. इजा होती डाव्या ललाटखंडात, म्हणजे कपाळामागे. अशांना बरंचसं समजतं, पण एकेक शब्द ओढून काढावा लागतो. तरी त्यांतल्या काहींना आरती किंवा पाठ असलेला अभंग चालीवर म्हणता येतो, आणि मग घरच्यांना वाटतं की माणूस मुद्दामच बोलत नाही. तसं नसतं.

नुसती जीभ जड झाली, उच्चार अडखळले, पण लिहिणं-वाचणं पूर्वीसारखंच, तर तो वाचाघात नव्हे. तिथे 'जीभ जड झाली' हेच बरोबर.

प्रश्न (देवगड): मग 'अंगावरून वारं गेलं'?

उत्तर: ते अर्धांगाचं वर्णन. ललाटखंडाच्या मागच्या कडेला हालचालींचा पट्टा आहे. डावीकडे इजा झाली तर उजवं अंग लुळं पडतं, उजवीकडे झाली तर डावं. शब्द जुना आहे, बोलण्यात राहू दे. पण 'वारं' म्हणत तेल चोळत बसू नये. रक्ताची गुठळी अडकली असेल तर ती विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, तेही आधी स्कॅन करून. आपल्याकडे घाट उतरून-चढून तालुक्याला, तिथून जिल्ह्याला जाण्यातच वेळ सरतो. तोंड वाकडं, हात खाली पडतोय, बोलणं बिघडलं, यातलं एक दिसलं तरी लगेच गाडी काढा.

प्रश्न (दापोली): आमचे आजोबा झटक्यानंतर ताटातली भाजी-आमटी खातात, चटणी-कोशिंबिरीला हात लावत नाहीत. मीठही तसंच राहतं. नजर कमी झाली म्हणावं का?

उत्तर: चटणी, कोशिंबीर, मीठ सगळं ताटात डावीकडेच वाढतात, नाही का? उजव्या पार्श्विक खंडाला, म्हणजे टाळूखालच्या बाजूच्या भागाला इजा झाली की डावीकडच्या जगाकडे लक्षच जात नाही. दाढीही अर्धीच करतात, बाहीत डावा हात घालायचा राहतो. याला 'डाव्या बाजूचं भान जाणं' म्हणावं. ताट अर्धं फिरवून ठेवा, उरलेलं जेवतील.

नजर जाणं वेगळं. ते डोक्याच्या मागच्या पश्चकपाल खंडाचं काम. तिथे इजा झाली तर डोळे निरोगी असूनही दोन्ही डोळ्यांना एकाच बाजूचं अर्धं दिसेनासं होतं. पण असा माणूस बहुधा स्वतःच सांगतो की इकडचं दिसत नाही, आणि मान वळवून बघतो. आजोबा मान वळवत नसतील तर डॉक्टरांना हे ताटाचंच सांगा. चष्म्याचा नंबर बदलून काही होणार नाही.