भीमबेटकाचे आणखी शैलाश्रय उघडावेत का? माझं मत: नकोत

सागवान (धागाकर्ता)

गेल्या महिन्यात भोपाळला मावसभावाकडे लग्न होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सात-आठ जण भीमबेटकाला गेलो. अंतर ४५ किलोमीटरच्या आसपास. ओबेदुल्लागंज मागे पडलं की रातापानीचं जंगल लागतं, आणि डोंगराच्या माथ्यावर वाळूखडकाचे सुळके दिसतात, ढासळत्या किल्ल्याच्या बुरुजांसारखे. आखलेल्या वाटेने फिरलं की १५ शैलाश्रय, म्हणजे आदिमानवाची चित्रं असलेले खडकाचे आडोसे, बघून होतात. परतताना गाडीत एकच विषय: आख्ख्या परिसरात सातशेच्या वर शैलाश्रय आहेत, मग आपल्याला एवढेच का दाखवतात? भावाचं म्हणणं, निदान पन्नास तरी उघडायला हवेत, माणसं लांबून येतात. मी तेव्हा बोललो नाही. आता बोलतो.

प्राण्यांचा खडक म्हणतात त्या चौथ्या शैलाश्रयापाशी आमच्या पुढे एक कुटुंब होतं. त्यातल्या गृहस्थांनी बाटलीचं झाकण उघडलं आणि ओंजळभर पाणी चित्रावर मारलं. फोटोत रंग उठून दिसावा म्हणून. फिकट पडलेलं हरीण एकदम लाल झालं, शिंगांचा फाटा न् फाटा दिसायला लागला. "बघा, किती छान!" असं सोबतच्या कुणीतरी म्हटलंसुद्धा. रखवालदार ओरडत येईपर्यंत पाण्याचे ओघळ खडकावरून खाली उतरले होते. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, हेच मला जास्त लागलं. असं पाणी वाळताना दगडातले क्षार पृष्ठभागावर आणतं आणि हळूहळू चित्रावर पांढुरकी साय धरते. चित्राला धक्का न लावता ती काढणं फार अवघड.

जिथे रखवालदार हाकेच्या अंतरावर आहे तिथे ही गत. पन्नास शैलाश्रय उघडले तर पन्नास वाटा, कठडे, कचऱ्याचे डबे, गाड्या लावायला जागा, आणि त्यासाठी साग नि धावडा तोडणं आलं. युनेस्कोने २००३ मध्ये जागतिक वारसा म्हणून जे घेतलं ते नुसतं चित्रांचं दालन नाही. गाभा सुमारे १,९०० हेक्टरांचा आणि भोवतीचा राखीव पट्टा दहा हजार हेक्टरांच्या वर. माणूस आणि हा भूप्रदेश यांचं हजारो वर्षांचं नातं, असं त्याचं कारण दिलं आहे. चित्रातला गवा, सांबर, मोर, रानडुक्कर या रानातून भिंतीवर गेले. भिंत जपून रान घालवलं तर उरेल ते चित्र कशाचं?

म्हणून: आहेत तेवढेच पुरेत. त्यातही एका वेळी किती माणसं आत सोडायची याला मर्यादा हवी.

शाळेच्या बाई

सागवान, पाण्याचा प्रकार वाचून मलाही वाईट वाटलं. पण त्यावरून काढलेला निष्कर्ष पटला नाही.

मी इंदूरला शिकवते. दोनदा मुलांना भीमबेटकाला नेलं आहे. दुसऱ्या खेपेला आठवीतला एक मुलगा, वर्गात तोंडातून अवाक्षर न काढणारा, छताकडचं चित्र दिसावं म्हणून सरळ पाठीवर आडवा झाला. दहा मिनिटं हलला नाही. मग विचारलं, "बाई, त्यांचा हात एवढ्या वर कसा पुरला?" पुस्तकात चित्र छापून हा प्रश्न पडत नाही.

आणि ही जागा आपल्याला कळली कशी ते आठवा. १८८८ मध्ये एका इंग्रज अधिकाऱ्याच्या लेखात भीमबेटकाचा उल्लेख आला तो बौद्ध स्थळ म्हणून. पुढे जवळपास सत्तर वर्षं तसंच. शेजारून रेल्वे जाते, डब्यातून हजारो लोकांनी हे खडक पाहिले असतील. १९५७ मध्ये विष्णु श्रीधर वाकणकरांनी ते आगगाडीतून पाहिले आणि ते चालत वर गेले. नीमचला जन्मलेला, उज्जैनला आयुष्य घालवलेला आपला मराठी माणूस. आजूबाजूच्या गावांना खडक ठाऊक होतेच, पण अभ्यास सुरू झाला तो कुणीतरी वर चढलं म्हणून. बंद ठेवायचा विचार करणाऱ्यांनी पुढचा वाकणकर कुठून येणार तेही सांगावं. माझ्या मते दहा-पंधरा शैलाश्रय आणखी उघडावेत, वाटाड्यासोबतच, आणि शाळांसाठी आधी.

निळा डोंगर

दोघांनाही एक सुचवतो. फ्रान्समध्ये लास्कोची गुहा १९४० मध्ये सापडली, १९४८ मध्ये लोकांना खुली झाली आणि १९६३ मध्ये बंद करावी लागली, कारण माणसांच्या श्वासाने भिंतींवर शेवाळ धरायला लागलं. १९८३ मध्ये शेजारी हुबेहूब प्रतिकृती उभारली. लोक ती बघतात, मूळ गुहा शांत आहे. भीमबेटकालाही तेच करा. मूळ जागा पूर्ण बंद. बाईंच्या मुलांना प्रतिकृतीतही आडवं पडता येईल.

दगडफोड्या

निळा डोंगर, भूशास्त्र शिकलेला माणूस म्हणून सांगतो, ही तुलना लागू पडत नाही. लास्को ही चुनखडीतली आत शिरत गेलेली बंद गुहा. तिथे हवा कोंडते, श्वासातला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड भिंतीला चिकटतो. भीमबेटका म्हणजे विंध्य वाळूखडकाचे, वाऱ्यापावसाने खालून पोखरलेले उघडे आडोसे. वर खडकाचा छज्जा, समोर मोकळं रान. तिथे शंभर माणसांनी श्वास घेतला तरी वारा तो घेऊन जातो. गेरू म्हणजे लोहाचं ऑक्साइड, दगडाच्या कणांत मुरलेलं, म्हणून तो इतका टिकला.

तिथला शत्रू वेगळा आहे. वरून झिरपणारं पाणी, दगडफूल, कुंभारमाशीची मातीची घरटी, चुलीचा धूर, आणि हात. माणसाच्या हाताचं तेल.

शिवाय आग्या मोहोळ. २०२१ मध्ये भीमबेटकातल्याच सभागृह नावाच्या गुहेच्या छताजवळ डिकिन्सोनिया नावाच्या सुमारे पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या जीवाचा जीवाश्म सापडल्याची बातमी जगभर गाजली. २०२३ मध्ये दुसऱ्या अभ्यासकांनी दाखवून दिलं की तो कुजून गेलेल्या पोळ्याचा खडकावर उरलेला ठसा होता, आणि तो सुटतही चालला होता. मूळ दावा करणाऱ्यानेही चूक कबूल केली. मला त्या प्रकरणातून एवढंच दिसतं की हा खडक मधमाश्यांचाही आहे. याच मध्य भारतात पचमढीच्या शैलचित्रांत मध काढणारी माणसं आहेत. प्रतिकृतीत पोळं कुठून आणाल?

म्हणजे जंगलाच्या मुद्द्यावर मी सागवानांसोबत. "बंद करा" या मुद्द्यावर नाही. छज्ज्यावरचं पाणी वळवणं, माथ्यावरचं गवत आणि झाडोरा राखणं, याने जेवढं वाचेल तेवढं कुलपाने वाचणार नाही.

रानवाटा

एक प्रश्न, मनापासून विचारतोय. त्याच चौथ्या खडकावर जुन्या प्राण्यांच्या अंगावरच नंतरच्या काळातली चित्रं काढलेली आहेत. म्हणजे घोडेस्वारांच्या काळातल्या माणसाने शिकाऱ्यांच्या काळातल्या चित्राला हात लावलाच की. मग आज कुणी आपलं नाव लिहिलं तर तेवढाच गुन्हा कसा? आपण चित्रकलेची परंपराच तोडून काचेत घातली, असं नाही का होत?

सागवान

रानवाटा, प्रश्न खरा आहे. माझं उत्तर असं: घोडेस्वार काढणारा माणूस याच डोंगरातल्या पाण्यावर जगत होता, हीच भिंत त्याची होती. खालच्या जुन्या चित्राला तो उत्तर देत होता. कोळशाने स्वतःचं नाव आणि बाणाचं बदाम काढणारा एका दुपारपुरता आलेला असतो. तरीही तुमच्या शेवटच्या वाक्याने मला अडवलं आहे. परंपरा कुणाची, हा प्रश्न भोवतालच्या गावांतल्या आदिवासींचा आहे. युनेस्कोच्या निकषातही त्यांच्या जगण्यातल्या जुन्या खुणांचा उल्लेख आहे. डिसेंबर २०२४ मध्ये रातापानी व्याघ्र प्रकल्प झालं. जंगल राखलं जाईल याचा आनंद आहे, पण मोहाची फुलं वेचणाऱ्या बाईला त्या रानात जागा राहील की नाही, ही काळजी मी मूळ धाग्यात लिहायला हवी होती.

दगडफोड्या, लास्कोबद्दल तुमचं बरोबर. मी स्वतः तेच उदाहरण देणार होतो.

मोर्शीकर

तुम्ही सगळे रखवालदार असलेल्या जागेबद्दल भांडताय. आमच्याकडे या.

मोर्शीहून सातपुड्याकडे निघालं की राज्याची हद्द ओलांडून बैतूल जिल्ह्यातलं धारूळ येतं. तिथल्या अंबादेवी परिसरात वाळूखडकाचे शैलाश्रय आहेत, रंगवलेले आणि कोरलेलेही. २००७ पासून अमरावतीच्या निसर्गप्रेमींनी पायपीट करून ते एकेक शोधून काढले. कुणी सरकारी माणूस नव्हता, पक्षी बघत हिंडणारे लोक होते. मी त्यातला नाही, पण नंतर बऱ्याच वेळा गेलोय.

मागच्या उन्हाळ्यात एका शैलाश्रयात गेलो तर तीन दगडांची चूल मांडलेली. राख अजून भुसभुशीत, बाजूला कांद्याची सालं. वर भिंतीवर हातभर लांबीचं जनावर, गेरूचं, आणि धुराचा काळा पट्टा त्याच्या मागच्या पायांपर्यंत चढलेला. पुढचे पाय स्वच्छ. मी रुमालाने पुसायला हात उचलला आणि खाली घेतला. पुसलं तर गेरू पण जाईल.

ही जागा कुणी "उघडली" नाही आणि कुणी "बंद" केली नाही. उघडी-बंदचा वाद तिथे लागूच होत नाही, कारण येणारे तिथे येतातच. स्वयंपाक करणाऱ्याला आपल्या डोक्यावर काय आहे ते माहीत नव्हतं, एवढीच गोष्ट. गावातल्या पाच पोरांना महिन्याचा पगार द्या, त्यांना चित्रं वाचायला शिकवा, आणि लोकांना त्यांच्यासोबतच पाठवा. ज्याला एकदा कुणी बोट दाखवून ते जनावर दाखवलं, तो तिथे चूल मांडत नाही.

शाळेच्या बाई

मोर्शीकर दादा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझा आग्रह जरा बदलते. आधी माणसं तयार करा, मग दार उघडा. वाटाडे नसतील तर माझ्या दहा-पंधरा जागासुद्धा नकोत.

पण सागवान, मर्यादेचं काय ते नीट सांगा. शाळेची सहल रांगेत शेवटी आणि मोठ्यांच्या गाड्या आधी, असं होऊ नये.

सागवान

बाई, मर्यादा लावायची तर शाळांना वेगळा वार द्यावा, हे मान्य. "आणखी नकोत" यावर मी अजून ठाम आहे, निदान भीमबेटकापुरता. धारूळबद्दल मला काहीच माहीत नव्हतं. तिथे माझं मत चालणार नाही, हे कळतंय. मोर्शीकर, येऊ का एकदा?

निळा डोंगर

प्रतिकृतीचा मुद्दा मी सोडत नाही. ज्यांना डोंगर चढवत नाही अशा माझ्या आईसारख्या माणसांसाठी ती भोपाळ शहरात असावी. मूळ जागा बंद करा, हे मात्र मागे घेतो.

मोर्शीकर

सागवान, पावसाळा सरला की या. उन्हाळ्यात खडक तापतो, आणि आग्या मोहोळाखालून जाताना अत्तर लावू नका. मी खराटा घेऊन येतो, त्या चुलीची राख काढायची आहे. भिंतीला हात लावायचा नाही, फक्त खालची राख.