मेक्सिको सिटीत संध्याकाळची फूड टूर, सोबत कट्टर शाकाहारी सासूबाई. जावं का रद्द करावं? (मदत हवी आहे)

ओलीभेळ

नमस्कार मंडळी, घाईत लिहितेय, शुद्धलेखन बघू नका प्लीज.

आम्ही डॅलसला असतो. आई-बाबा (सासूसासरे) नाशिकहून सहा महिन्यांसाठी आलेत. ऑगस्टअखेरीस पाच दिवस मेक्सिको सिटीला चाललोय आणि नवऱ्याने उत्साहाच्या भरात मला न विचारता गुरुवारची संध्याकाळी ६ ते १० अशी गाईडसोबतची फूड टूर बुक करून टाकलीय, रोमा भागातनं चालत चालत सात थांबे, टाको, केसादिया, मक्याचं काहीतरी, मग एक पुल्केची जागा आणि शेवटी मेस्काल (तिकडची दारू) टेस्टिंग. माणशी ९० डॉलर म्हणजे पाच जणांचे साडेचारशे!! मंगळवार रात्रीपर्यंत रद्द केलं तर पूर्ण पैसे परत.

आता माणसं कशी आहेत ते सांगते. नवरा सगळं खातो, फक्त बीफ नाही. मुलगा सोळाचा, त्याला जे दिसेल ते हवं असतं. बाबा अंडी-मासे-चिकन खातात आणि आईंना न सांगता एखादा पेग घेतात (आईंना माहितीय, पण आईंना माहितीय हे बाबांना माहीत नाही). आणि आई म्हणजे अंडंसुद्धा नाही, आणि वर गुरुवारचा उपास, रात्री सोडतात. शुक्रवार बदलून मागितला तर फुल आहे म्हणाले.

कंपनीला मेल केली तर एका ओळीत उत्तर, 'व्हेज ऑप्शन्स आहेत'. माझा या वाक्यावरचा विश्वास उडालाय, कारण मागच्या वर्षी इथेच एका ठिकाणी व्हेज म्हणून मागवलेल्या बीन्समध्ये डुकराची चरबी निघाली, ती पण अर्धी वाटी संपल्यावर कळली. आईंना मी अजून सांगितलेलं नाही, आणि हा धागा त्या वाचत नाहीत अशी आशा आहे.

तर कुणी अशी टूर केलीय का? आईंना खरंच काही खाता येईल का की चार तास नुसतं उभं राहायचं? पुल्के म्हणजे नक्की काय? पावसाचं काय? आणि आई-बाबांना मेक्सिकोचा वेगळा व्हिसा लागतो का, यावर घरात तीन जणांची चार मतं आहेत.

---

पेरूची_फोड

ओलीभेळ, मी नोकरीनिमित्त तीन वर्षं तिथं काढलीत आणि शाकाहारी आहे (अंडं खाते), म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी व्हिसा, कारण सोपं आहे. अमेरिकेचा चालू व्हिसा पासपोर्टवर असेल तर मेक्सिकोचा वेगळा लागत नाही. तरी निघायच्या आधी त्यांच्या वकिलातीची साइट एकदा बघा, आणि पासपोर्ट बॅगेच्या तळाशी नको, चेक-इनलाच विचारतात.

आता खाणं. तिथं रस्त्यावर 'मांस नाही' म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात बीफ-पोर्क नाही एवढंच येतं. चिकन, हॅम, हे त्यांच्या हिशेबी मांसात धरतीलच असं नाही. मी पहिल्या महिन्यात व्हेज म्हणून भात घेतला, तो चिकनच्या पाण्यात शिजवलेला. म्हणून एक वाक्य पाठ करा, नाहीतर फोनवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा: 'सोय बेहेतारियाना, नो कोमो कार्ने, नी पोयो, नी पेस्कादो, नी उएवो, नी मान्तेका.' (मी शाकाहारी आहे, मांस, चिकन, मासे, अंडं, मान्तेका काही खात नाही.) शेवटचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. मान्तेका म्हणजे डुकराची चरबी, लोणी नाही. लोणी ते मान्तेकीया. या एका शब्दाने माझे निम्मे घोटाळे वाचले.

मान्तेका कुठे असते? वाटलेल्या राजम्यासारख्या बीन्समध्ये बहुतेक वेळा. तामाले (सारण भरून वाफवलेले मक्याच्या पिठाचे गोळे) यांच्या पिठात जवळजवळ नेहमीच, आत नुसतं चीज-मिरची असली तरी. मैद्याच्या तोर्तियात (त्यांची पोळी) पुष्कळदा. मक्याच्या तोर्तियात साधारणपणे नसते, ती म्हणजे मका, चुना आणि पाणी.

आईंसाठी बेस्ट म्हणजे केसादिया, म्हणजे सारण घालून घडी घातलेली तोर्तिया. गंमत अशी की मेक्सिको सिटीत केसादियात चीज असतंच असं नाही, 'चीजसकट का चीजशिवाय' असं विचारतात, बाकीच्या मेक्सिकोतले लोक यावरून राजधानीवाल्यांना हसतात. आत भोपळ्याची फुलं, मशरूम, नोपाल (निवडुंगाची पानं, काटे काढून चिरलेली), किंवा उइतलाकोचे, म्हणजे मक्याच्या कणसावर येते ती काळी बुरशी. नाक मुरडू नका, चवीला मशरूमच्या जवळची आहे. पण तवा सगळ्यांचा एकच, हे आईंना आधी सांगा. तव्यावर शेजारी चोरिसो (पोर्कचं सॉसेज) परतत असतो.

मक्याचं ते 'काहीतरी' म्हणजे एस्किते. दाणे एपासोते नावाच्या पाल्याबरोबर उकडतात, पेल्यात भरून वर लिंबू, मेयोनीज, किसलेलं चीज, तिखट. मेयोनीजमध्ये अंडं, तेव्हा 'सिन मायोनेसा'. काही गाड्यांवर त्याच पातेल्यात कोंबडीचे पाय सोडलेले असतात, झाकण उघडल्यावर आत डोकावून बघा. तिखट घालायच्या आधी विचारतात, 'देल के पिका ओ देल के नो पिका', म्हणजे झोंबणारं का न झोंबणारं.

मेस्कालबरोबर संत्र्याच्या फोडी येतात आणि त्यावर लालसर मीठ. त्या मिठात 'मागे' नावाच्या घायपातीसारख्या झाडावरच्या अळ्या वाळवून कुटलेल्या असतात. आई मेस्काल घेणार नाहीतच, पण संत्रं उचलतील ना!! मिचेलादा म्हणून बिअरचा प्रकार आहे त्यातही बऱ्याचदा शिंपल्यांचा अर्क असलेला टोमॅटो रस घालतात.

नवऱ्यासाठी: 'रेस' म्हणजे बीफ. सुआदेरो, बिस्तेक, लेंग्वा (जीभ), काबेसा (डोकं) हे सगळं सहसा बीफच. पास्तोर आणि कार्नितास पोर्क.

पाऊस ऑगस्टमध्ये दुपारी उशिरा नाहीतर संध्याकाळी हमखास, तासभर झोडपून जातो. छत्री आणि आईंना शाल. शहर २२४० मीटरवर आहे, महाबळेश्वरच्या दीडपटीहून उंच, रात्री गार होतं आणि दारूही भसकन चढते. बाबांना सांगा (आईंसमोर नको).

---

तांबडारस्सा

तिखटाचं काय सांगता, आम्ही कोल्हापूरचे. पोराला बिनधास्त खाऊ द्या.

---

पेरूची_फोड

तांबडारस्सा, तुमच्यासारख्याच एका पाहुण्याला मी आबानेरोची (भयंकर तिखट मिरची) साल्सा, म्हणजे चटणी, चमच्याने खाताना पाहिलंय. नंतर वीस मिनिटं तो काही बोलला नाही. आणि लाल दिसते ती तिखट, हिरवी ती पुदिन्याची चटणी असा हिशेब तिथं चालत नाही. आधी एक थेंब. बाकी मिरची आपल्याकडे आली तिकडूनच, तेव्हा फुशारकी जरा बेताने.

---

कढीपत्ता७२

माझं मत वेगळं आहे. राग मानू नका, पण एका बाईला चार तास मांसाच्या धुरात उभं करायचं आणि वर म्हणायचं बघा आम्ही तुमच्यासाठी व्हेज शोधलं, हे कशासाठी? पास्तोरचा तो उभा सळईवरचा गोळा, वितळून खाली टपकणारी चरबी, वास कपड्यांत बसतो. माझ्या आईला मी असंच नेलं होतं (दुसऱ्या देशात), ती काही बोलली नाही पण रात्री दोनदा आंघोळ केली. शिवाय उपास. आईंना हॉटेलवर आराम करू द्या, पैसे वाचवा. नाहीतर एल मोरो नावाचं चुर्रोचं (तळलेल्या गोड कांड्या) दुकान आहे, १९३५ पासूनचं, तिथं चुर्रो आणि हॉट चॉकलेट, विषय संपला.

---

चुलीपुढचा

कढीपत्ताताईंचा मुद्दा पटतो, पण हे ठरवणार कोण? आईंना विचारलंय का कुणी? धागा वाचून असं वाटलं की सगळे आईंबद्दल बोलतायत आणि आई आत भाजी निवडतायत.

माझ्याकडून थोडी भर. त्यांचा मका चुन्याच्या पाण्यात शिजवून रात्रभर ठेवतात, सकाळी धुऊन वाटतात. त्याने साल सुटते आणि पिठाला चिकटपणा येतो. आपल्या मक्याच्या पिठाची भाकरी थापताना तुटते आणि त्यांची तोर्तिया घडी घातली तरी तुटत नाही, ते त्या चुन्यामुळे. आईंना यात रस वाटेल, माझ्या आईने तर घरी पानाचा चुना घालून प्रयोग केला. फसला, पण केला.

आणि उपासाची काळजी सोडा. तिथं रस्त्यावर आलेग्रिया विकतात, ती चक्क राजगिऱ्याची वडी आहे. लाह्या, गूळ किंवा मध, वरून शेंगदाणे नाहीतर भोपळ्याच्या बिया. राजगिरा मूळचा तिकडचाच, आपण त्याला उपासाच्या डब्यात कधी बसवलं देव जाणे. आपल्या चिकूचं नावसुद्धा तिकडच्या भाषेतनं आलंय. दुसरं म्हणजे अंधार पडल्यावर कामोतेची गाडी येते. रताळी! लाकडाच्या भट्टीत भाजलेली, वर कंडेन्स्ड मिल्क. गाडीला वाफेची शिट्टी असते, एवढी कर्कश की पहिल्यांदा मी दचकलो होतो. थांब्यांच्या यादीत नसेल, पण शिट्टी ऐकू आली तर गाईडला थांबवा.

पुल्केचं राहिलं. मागे म्हणजे घायपातीच्या जातीचं झाड, त्याचा गाभा खरवडून गोड रस काढतात, ती झाली नीरा. आंबली की पुल्के. पांढरी, बुळबुळीत, बिअरपेक्षा फार कडक नाही. त्यात पेरू वगैरे फळांचा गर घालतात त्याला कुरादो म्हणतात, पहिल्यांदा पिणाऱ्याने तोच घ्यावा. मेस्काल पण त्याच कुळातल्या झाडाची, पण गड्डा जमिनीत पुरून भाजतात आणि मग ऊर्ध्वपातन, म्हणून धुरकट लागते. ती घोटाघोटाने प्यायची, शॉट मारायचा नाही. मुलाला अर्थातच नाही, तिथं १८ लागतात.

---

ओलीभेळ

सगळ्यांचे खूप आभार __/\__ चुलीपुढचा, तुमचं वाक्य लागलं. रात्री आईंना विचारलं, सगळं, चरबीबिरबी धरून. त्या म्हणाल्या, 'मला काय होतंय, मी बघेन. पण माझ्यासाठी कुणी थांबून राहू नका आणि खा खा म्हणून मागे लागू नका.' मग कंपनीला मान्तेकासकट सातही थांब्यांचं विचारलं. यावेळी गाईडने स्वतः उत्तर दिलं, की तीन थांब्यांवर काहीच नाही, दोनावर आहे पण तवा एकच, आणि पुल्के-मेस्कालच्या ठिकाणी चिंचेचं आणि हमाइकाचं सरबत मिळेल. हमाइका म्हणजे लाल अंबाडीची बोंडं हे गुगलवर बघितलं. जातोय. पैसे कमी करा म्हटलं त्याला मात्र नाही म्हणाले.

---

ओलीभेळ

परत आलो, तीन आठवडे झाले, वृत्तांत द्यायचा राहिला होता, सॉरी.

पाऊस सहाला सुरू, पावणेसातला बंद, म्हणजे पहिला थांबा एका दुकानाच्या ताडपत्रीखाली. पास्तोरवाला बघायला मजा आली, त्या उभ्या गोळ्याला त्रोंपो म्हणजे भोवरा म्हणतात. शवर्माची पद्धत लेबनॉनहून आलेल्या लोकांनी आणली आणि इथं त्याचं पोर्क झालं असं गाईड सांगत होती. तो एका हाताने मांस तासतो आणि वरच्या अननसाला सुरीचा टोला मारतो, फोड उडते आणि दुसऱ्या हातातल्या टाकोत येऊन पडते, बघतसुद्धा नाही तिकडे. मुलाने पाच खाल्ले. तांबडारस्सा, हिरवी साल्सा त्याला भारी पडली, कोल्हापूरचं नाव घेऊ नका.

आई वाऱ्याची दिशा बघून पलीकडच्या फुटपाथवर उभ्या राहिल्या. केसादियाच्या गाडीवर निळ्या मक्याचं पीठ होतं, तिथं मात्र अगदी जवळ गेल्या. बाईने त्यांच्यासाठी तव्याचा कोपरा पुसून भोपळ्याच्या फुलांची लावली सुद्धा, पण उलथनं तेच. आईंनी पोटावर हात ठेवून हसून मान हलवली, ती बाई पण हसली, केसादिया मी खाल्ली. आलेग्रियाची वडी मिळाली, आईंनी उलटीपालटी करून बघितली आणि म्हणाल्या, 'गूळ कच्चा राहिलाय.' खाल्ली पूर्ण. शेवटच्या थांब्याकडे जाताना शिट्टी ऐकू आली, गाईडच धावली मागे. रताळं कागदी बशीत, वाफ येत होती, वर ते दूध. आईंनी अर्धं खाल्लं, अर्धं रुमालात बांधून घेतलं रात्रीसाठी.

आणि आता पुल्के. बाबांनी पेरूचा नको, साधाच आण म्हणून सांगितलं, एक मोठा घोट घेतला, मान हलवली आणि मोठ्याने म्हणाले, 'अरे ही तर ताडीच, फक्त भेंडी धुतल्यासारखी बुळबुळीत.'

आई अंबाडीचं सरबत खाली ठेवून म्हणाल्या, 'ताडी कशी लागते हे तुम्हाला कसं माहीत?'

---

कढीपत्ता७२

हाहाहा. पण म्हणजे आईंना ९० डॉलरमध्ये एक वडी, अर्धं रताळं आणि सरबत. मीच बरोबर होते.

---

ओलीभेळ

बरोबर होतात. पण आई ते पैसे बाबांच्या नावावर मांडतायत, ताडीचा खुलासा अजून झालेला नाही.