पाचवा फाऊल झाला म्हणून लेकीला बाहेर काढलं, पण मी तर चारच मोजले

सायनची_आई:
लेक नववीत आहे. काल शाळेकडून तिची पहिली बास्केटबॉल मॅच होती. शेवटची तीन मिनिटं उरली असताना स्कोअर लिहिणाऱ्यांच्या टेबलावरून लाल आकड्याची पाटी वर झाली आणि पोरगी रडतच बाहेर आली. मी चारच फाऊल मोजले होते. शिवाय आमची एक मुलगी रिंगखाली नुसती उभी होती, कुणाला हातही लागला नाही, तरी शिट्टी वाजली! लेक काल रात्री धड जेवली नाही. कुणी समजावून सांगाल का?

टेबलवाला_काका:
ताई, नागपाड्यात बारा वर्षं स्कोअरशीट लिहितोय. पाट्यांवर एक ते चार आकडे काळे, पाच लाल. पाच फाऊल झाले की खेळाडू त्या मॅचपुरती बाद, तिच्या जागी बाकावरची मुलगी जाते.

चुकतं कुठे सांगतो. चेंडू घेऊन आत घुसताना समोर पाय रोवून उभ्या असलेल्या मुलीच्या छातीवर आपली पोर आदळली, तर फाऊल आपल्या पोरीवर लागतो. पालकांना वाटतं तो समोरच्यांचा. शीटवर पहिला आणि तिसरा क्वार्टर लाल पेनाने, दुसरा आणि चौथा निळ्या किंवा काळ्या पेनाने लिहितात, त्यामुळे कुठला फाऊल कधीचा ते लगेच कळतं. शंका असेल तर घड्याळ थांबलेलं असताना कोचने टेबलाला विचारायचं. तो त्यांचा हक्क आहे.

रिंगखालची ती शिट्टी तीन सेकंदांची. आपला हल्ला चालू असताना रिंगसमोरच्या रंगवलेल्या चौकोनात सलग तीन सेकंदांहून जास्त थांबता येत नाही. तो फाऊल नाही, फक्त चेंडू समोरच्यांकडे जातो.

सायनची_आई:
काका, तिला विचारलं. तिसऱ्या क्वार्टरमध्ये एकीवर आदळले होते म्हणाली! मी तो समोरच्यांचा धरला होता. पण मग शेवटी कुणी शूट करत नसतानाही त्यांना फ्री थ्रो, म्हणजे कुणी न अडवता रिंगवर टाकायचे ते चेंडू, का मिळत होते?

माटुंगा_पॉइंटगार्ड:
एका क्वार्टरमध्ये टीमचे चार फाऊल भरले की पाचव्यापासून समोरच्यांना दोन फ्री थ्रो. चेंडू आपल्याकडे असताना आपला फाऊल झाला तर मात्र नाही.
लेकीला सांगा, डिफेन्समध्ये हात सरळ वर ठेव, चेंडूवर खाली मारू नकोस. माझे अर्धे फाऊल त्या खाली मारण्यातूनच जायचे. महिनाभर दोन्ही हात वर धरून नुसती पावलं टाकत डिफेन्स केला, तेव्हा सवय सुटली.

सायनची_आई:
आजच करायला लावते. काका, पुढच्या मॅचला टेबलाजवळ उभी राहिले तर चालेल का?

टेबलवाला_काका:
थोडं मागे उभ्या राहा, पाट्या दिसतील. फक्त खेळ चालू असताना आम्हाला काही विचारू नका. पंच बोटांनी नंबर दाखवतात, तेव्हा नजर हलली तर भलत्याच मुलीच्या नावावर फाऊल चढतो.