सेल्फ फिरतो, इंजिन पकडून लगेच बंद होतं, मीटरमध्ये चावीचा लाईट ब्लिंक - ईसीएम (इंजिनचा कॉम्प्युटर) खरंच गेला असेल का?

डिचोलीकर_७
नमस्कार मंडळी, जरा मदत हवी आहे. २०१४ ची पेट्रोल गाडी आहे, छोटी हॅचबॅक, आजवर कधी त्रास दिला नाही. चवथीला सगळे घरी जमलो होतो म्हणून गाडी नऊ-दहा दिवस फणसाखाली उभीच राहिली आणि पाऊस तर रोज कोसळत होता. परवा आईला डोळ्यांच्या डॉक्टरकडे पणजीला न्यायचं म्हणून चावी फिरवली तर सेल्फ व्यवस्थित फिरतो, इंजिन पकडतं आणि एक-दोन सेकंदात बंद, परत मारलं तरी तेच. मीटरमधला चावीचं चित्र असलेला लाईट भराभर ब्लिंक होतोय. रिमोटने दरवाजे उघडतात म्हणजे चावी चांगली असणार ना? गॅरेजवाला घरी येऊन बघून गेला, म्हणतो ईसीएम गेलाय, सेकंडहँड मिळतो तो बसवूया. आईची अपॉइंटमेंट पुढे ढकलली, खर्चाचा आकडा ऐकून ती माझ्यापेक्षा जास्त घाबरलीय.

वाळपई_रायडर
भाऊ, एवढ्यात हो म्हणू नका. रिमोट चालतो म्हणजे चावी चांगली असं नसतं. रिमोटचा सेल फक्त दरवाज्यांसाठी, इंजिनसाठी चावीच्या मुठीत वेगळी छोटी चिप असते, तिला सेल लागतच नाही. दुसरी चावी घरात असेलच, ती एकटी घेऊन ट्राय करा, जुडग्यात स्कूटरच्या नि कपाटाच्या चाव्या, लोखंडी रिंग काही नको. दुसऱ्या चावीने चालू झाली तर चिपचा प्रॉब्लेम, ईसीएमचा नाही.

म्हापसा_वायरिंग
मी ऑटो इलेक्ट्रिशियन आहे, पावसाळ्यात अशा गाड्या दर वर्षी येतात म्हणून जरा सविस्तर लिहितो. चावी ज्या लॉकमध्ये घालता त्याच्याभोवती बांगडीसारखी एक कॉईल असते. चावी ऑन केली की ती कॉईल चिपला करंट पुरवते आणि चिप आपला कोड सांगते, तो जुळला तरच ईसीएम इंजिन चालू ठेवतो, नाहीतर पेट्रोल किंवा स्पार्क तोडतो. काही गाड्यांत सेल्फसुद्धा फिरू देत नाही, तुमच्यात एक-दोन सेकंद चालून बंद होते हा इमोबिलायझरचाच, म्हणजे चावी न ओळखल्यास इंजिन अडवणाऱ्या चोरीविरोधी यंत्रणेचा नमुना. चावी ऑन केल्यावर तो लाईट दोनेक सेकंद लागून विझला असता तर मी फ्युएल पंप नाहीतर क्रँक सेन्सर बघायला सांगितलं असतं, पण ब्लिंक होतोय म्हणजे गाडीला चावी ओळखता येत नाहीये.

आता बिघाड तीन ठिकाणी असू शकतो, चिप, कॉईल किंवा मधली वायर-कनेक्टर, आणि आपल्याकडच्या दमट खाऱ्या हवेत माझा पहिला संशय कनेक्टरवर असतो. स्कॅनर लावून बिघाडाचे कोड वाचून घ्या. पी०५१३ आला तर चावी चुकीची वाटतेय, यू०१६७ आला तर इमोबिलायझरशी बोलणंच तुटलंय. सेकंडहँड ईसीएम तर अजिबात नको, त्यात दुसऱ्याच गाडीच्या चाव्यांचे कोड असतात, प्रोग्रॅमिंग केल्याशिवाय तुमची गाडी त्याच्यावर चालूच होणार नाही. स्टिअरिंगखालचं कव्हर स्वतः उघडू नका, तिथे एअरबॅगच्या पिवळ्या वायरी असतात, बॅटरीचा निगेटिव्ह काढून थोडं थांबूनच हात घालायचा असतो.

फोंड्याचो_भुरगो
दादांचं बरोबर आहे पण त्याच्याही आधी बॅटरी बघा, दहा दिवस उभी होती. बंद गाडीत १२.६ च्या आसपास व्होल्ट हवेत आणि सेल्फ मारताना ९.६ च्या खाली जाता कामा नयेत, गेले तर कंट्रोलर मध्येच रिसेट होतात आणि असलेच खेळ दिसतात. माझे दोन दिवस याच्यात गेले होते.

डिचोलीकर_७
अपडेट देतो. बॅटरी १२.१ होती, चार्ज करून १२.६ वर आणली तरी तेच. दुसऱ्या चावीनेही तेच. मग साखळीहून ओळखीचा इलेक्ट्रिशियन आला, स्कॅनरवर कॉईलच्या सर्किटचाच कोड आला. त्याने कव्हर काढलं तर कॉईलच्या कनेक्टरमध्ये हिरवा गंज, एक पिन तर अर्धी खाल्लेली. पाणी कुठून आलं म्हणून शोधलं तर वायपरखालच्या प्लॅस्टिकच्या आत फणसाची पानं आणि माती घट्ट बसलेली, पाण्याची वाट बंद, ते पाणी आत स्टिअरिंगखाली ठिबकत होतं, ड्रायव्हरच्या पायाखालचं कार्पेट ओलं कच्च. पिन बदलली, कनेक्टर साफ केला, चावी फिरवली तर लाईट दोन सेकंद लागून विझला आणि गाडी चालू, बंद झालीच नाही. मजुरी आणि पिन मिळून हजाराच्या आत काम झालं.

म्हापसा_वायरिंग
छान झालं. कार्पेटखालचं पाणी मात्र तसंच ठेवू नका, बऱ्याच गाड्यांत वायरिंग तिथूनच मागे जातं, महिन्याभराने दुसरा कनेक्टर हिरवा होईल.

डिचोलीकर_७
हो, मॅट काढून कार्पेट वर उचललंय आणि दरवाजा उघडा ठेवून टेबलफॅन लावलाय. गाडी आता फणसाखालून काढून पडवीजवळ आणली. डॉक्टरांची उद्या सकाळची वेळ मिळाली, आठला आईला घेऊन निघतोय, सगळ्यांचे मनापासून आभार.